कार्यालयातील फोन होल्डवर ठेवणे आणि योग्य व्यक्तीकडे जोडून देणे : सविस्तर मार्गदर्शक

जानेवारी ते एप्रिल हा नाशिकच्या द्राक्ष निर्यातीचा हंगाम. या दिवसांत दिंडोरी, निफाड किंवा पिंपळगाव बसवंत परिसरातील पॅकहाउसच्या (जेथे द्राक्षे निवडून खोक्यांत भरतात त्या केंद्राच्या) कार्यालयात फोन क्षणभरही शांत नसतो. एका लाइनवर शेतकरी नमुन्याच्या अहवालाची चौकशी करत असतो, दुसरीवर न्हावा शेवा बंदराबाहेर थांबलेल्या कंटेनरचा चालक कागदपत्रे मागत असतो, तर तिसरीवर पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या पुरवठादाराला थकलेल्या बिलासाठी लेखा विभाग हवा असतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत किंवा गंगापूर रोडवरच्या दवाखान्यांत विषय वेगळे असतात, पण फोन घेणाऱ्याचे काम तेच राहते : थोडा वेळ थांबवून ठेवणे आणि योग्य माणसाकडे जोडून देणे. पुढील सर्व सूचनांच्या मुळाशी एक तत्त्व आहे. पलीकडचा सहकारी फोन उचलून प्रत्यक्ष बोलू लागेपर्यंत तो कॉल जोडून देणाऱ्याचाच असतो. बटण दाबले म्हणजे जबाबदारी संपली असे होत नाही.

आधी आपली यंत्रणा ओळखा

कोणती बटणे दाबायची हे यंत्रणेच्या प्रकारावर ठरते. टेबलावर साधा फोन असेल, त्याला टेलिफोनची बारीक वायर जोडलेली असेल आणि आत कुठेतरी भिंतीवर ईपीएबीएक्सचा (बाहेरच्या लाइन आणि कार्यालयातील फोन एकमेकांना जोडणाऱ्या यंत्राचा) डबा असेल, तर ती ॲनालॉग पद्धत होय. ऑपरेटरच्या टेबलावर दिव्यांच्या बटणांचा मोठा फोन असेल आणि तो त्याच कंपनीच्या ईपीएबीएक्सवर चालत असेल, तर तो डिजिटल की-फोन. फोनला संगणकासारखी जाड नेटवर्क केबल येत असेल, तर तो आयपी फोन. नाशिकमधील बऱ्याच जुन्या कार्यालयांत या तिन्हींची सरमिसळ आढळते : ऑपरेटरकडे की-फोन, विभागांत साधे फोन आणि मालकांच्या केबिनमध्ये नवा आयपी फोन. मात्र साधा फोन ईपीएबीएक्समधून न येता थेट बाहेरच्या लाइनला जोडलेला असेल, तर त्यावरून कॉल दुसऱ्या टेबलाकडे पाठवता येणार नाही. त्यासाठी मध्ये ईपीएबीएक्स असावाच लागतो.

ईपीएबीएक्सची देखभाल करणारा तंत्रज्ञ पुढच्या वेळी येईल तेव्हा त्याच्याकडून पाच गोष्टी लिहून घ्याव्यात : बाहेरची लाइन घेण्याचा अंक, ऑपरेटरचा अंक, होल्डवरचा कॉल किती सेकंदांनी परत वाजतो तो कालावधी, दुसऱ्याच्या टेबलावर वाजणारा फोन आपल्याकडे ओढून घेण्याचा कोड आणि कॉल पार्क करण्याचा, म्हणजे कोणत्याही टेबलावरून घेता येईल असा थांबवून ठेवण्याचा, कोड. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी बाहेरच्या लाइनसाठी 0 आणि ऑपरेटरसाठी 9 असा रिवाज असला तरी तो सर्वत्र सारखा नाही, म्हणून शेजारच्या कार्यालयातील अनुभवावर विसंबू नये. एक्स्टेंशनची, म्हणजे आतल्या प्रत्येक फोनच्या क्रमांकाची, यादी फोनशेजारी लावताना नावापुढे कामही लिहावे. ‘214 – क्वालिटी, सॅम्पल रिपोर्ट’ अशी नोंद नव्या माणसालाही उपयोगी पडते. नुसते आडनाव लिहिले तर ते जुन्यांनाच कळते.

होल्डवर ठेवताना

होल्ड आणि म्यूट यांत पुष्कळदा गफलत होते. म्यूट केल्यावर आपला आवाज पलीकडे जात नाही, पण पलीकडच्याचे बोलणे आपल्याला ऐकू येत राहते. होल्ड केल्यावर दोन्ही बाजू तुटतात आणि पलीकडच्याला संगीत किंवा ठरावीक अंतराने बीप ऐकू येते. शेजारच्या टेबलावर एक ओझरता प्रश्न विचारायचा असेल तर म्यूट पुरे. फाइल शोधायला उठायचे असेल तर होल्डच करावे. रिसीव्हरच्या बोलण्याच्या बाजूवर तळहात ठेवून ‘तेच ते सकाळचे, बिलवाले’ असे म्हणण्याची सवय मात्र ताबडतोब सोडावी, कारण हाताआडून आवाज जातो आणि बिलवाल्यांना ते शब्द नीट ऐकू येतात.

होल्ड करण्याआधी कारण सांगावे, अंदाजे वेळ सांगावी आणि परवानगी घ्यावी. ‘जरा थांबा’ एवढे म्हणून बटण दाबले, तर पलीकडच्या माणसाला आपण थांबलो कशासाठी हेच समजत नाही. ‘काका, तुमच्या गाडीची पावती काढून बघते, एक मिनिट लागेल. लाइनवर थांबता, की मी उलट फोन करू?’ या विचारण्याला पाच सेकंद लागतात. उत्तर ऐकूनच बटण दाबावे. प्रश्न विचारायचा आणि उत्तर येण्याआधीच होल्ड करायचे, हा प्रकार न विचारण्यापेक्षा वाईट.

साध्या फोनवर होल्डचे वेगळे बटण बहुधा नसते; तेथे फ्लॅशचे बटण एकदा दाबले की कॉल थांबतो आणि आपल्याला डायल टोन येतो. काही फोनांवर या बटणावर ‘आर’ हे अक्षर असते. की-फोन आणि आयपी फोनवर होल्डचे स्वतंत्र बटण असते, ते पुन्हा दाबले किंवा लुकलुकणाऱ्या लाइनचे बटण दाबले की कॉल परत येतो. अनेक की-फोन यंत्रणांत होल्डचे दोन प्रकार असतात : एकात कोणत्याही टेबलावरून तो कॉल घेता येतो, दुसऱ्यात ज्याने होल्ड केला त्यालाच घेता येतो. पगार, तक्रार किंवा रुग्णाची माहिती असे विषय असतील तर दुसरा प्रकार वापरावा.

किती वेळ थांबवावे? माझ्या मते चाळीस-पंचेचाळीस सेकंदांनी एकदा लाइनवर यावेच, माहिती मिळालेली नसली तरीही. ‘अजून शोधते आहे, थांबताय ना?’ एवढे सांगितल्याने माणूस थांबतो. तीन मिनिटे झाली तर थांबवून न ठेवता उलट फोन करण्याची वेळ ठरवावी आणि ती पाळावी. यंत्रणेत होल्डवरचा कॉल परत वाजण्याची सोय असते. तो कालावधी साठ सेकंदांच्या आसपास ठेवल्यास विसरलेला कॉल आपणहून आठवण करून देतो.

होल्डवरील संगीताविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण येथे हौसेने चुकीची निवड होते. या संगीताचे अमेरिकी पेटंट ॲल्फ्रेड लेव्ही या कारखानदाराला 1966 मध्ये मिळाले. त्याच्या कारखान्यातील टेलिफोनची एक सैल तार लोखंडी तुळईला टेकली होती आणि शेजारच्या रेडिओ केंद्राचे संगीत फोनवर ऐकू येऊ लागले होते. संगीताचे खरे काम मनोरंजनाचे नसून लाइन जिवंत आहे हे कळवण्याचे आहे. पूर्ण शांतता ऐकू आली की फोन कट झाला असे समजून माणूस रिसीव्हर ठेवतो. साधी टेलिफोन लाइन सुमारे 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातील आवाज वाहून नेते. त्यामुळे तबल्याचा बायाँ आणि झांजेची किणकिण यांचा फार थोडा भाग पलीकडे पोहोचतो. आयपी यंत्रणेत जी.711 ऐवजी जी.729 हा कोडेक (आवाज आकड्यांत बदलण्याची पद्धत) लावलेला असेल, तर आवाज सेकंदाला 64 ऐवजी 8 किलोबिटमध्ये दाबला जातो. तो मानवी बोलण्यासाठी घडवलेला असल्याने संगीत चिरकते. यापेक्षा स्पष्ट आवाजातील एक ध्वनिमुद्रित वाक्य आणि त्यामागे हलकेसे एकच वाद्य, एवढेच चांगले ऐकू येते. चित्रपटातील गाणी हक्कधारकांच्या परवान्याशिवाय लावू नयेत.

विचारून जोडून देणे

ही पद्धत नेहमीची मानावी. आधी सहकाऱ्याशी बोलायचे, तो घ्यायला तयार आहे याची खात्री करायची आणि मगच बाजूला व्हायचे. साध्या फोनवर ती पुढीलप्रमाणे करावी.

प्रथम पलीकडच्या व्यक्तीचे नाव, गाव किंवा कंपनी, काम आणि उलट फोन करण्याचा क्रमांक लिहून घ्यावा. क्रमांक फोनच्या पडद्यावर दिसत असला तरी विचारावा, कारण पुष्कळदा माणूस दुसऱ्याच्या फोनवरून बोलत असतो. त्यानंतर आपण कोणाकडे आणि का जोडत आहोत हे सांगावे. मग फ्लॅश दाबावे, डायल टोन ऐकावा आणि एक्स्टेंशनचा क्रमांक लावावा. सहकाऱ्याने उचलल्यावर एका वाक्यात नाव आणि काम सांगावे. त्याने होकार दिला की आपला रिसीव्हर ठेवावा. बहुतेक ईपीएबीएक्समध्ये त्याच क्षणी दोघे जोडले जातात. सहकारी नको म्हणाला, फोन उचलला गेला नाही किंवा एंगेज टोन आला, तर रिसीव्हर न ठेवता पुन्हा फ्लॅश दाबून पहिल्या माणसाकडे यावे. काही यंत्रणांत परत येण्यासाठी फ्लॅशनंतर एखादा अंकही दाबावा लागतो, तो तंत्रज्ञाकडून समजून घ्यावा.

प्रत्यक्षात हे कसे चालते, ते पाहू. वणीहून फोन आला आहे.

‘ताई, माझ्या प्लॉटच्या सॅम्पलचा रिपोर्ट आला का?’

‘दादा, रिपोर्ट क्वालिटीच्या मॅडमकडे असतात. ग्रेपनेटवरचा, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांच्या ऑनलाइन नोंदणीतला, प्लॉटचा क्रमांक सांगता का? … लिहून घेतला. आता त्यांना विचारून जोडून देते. मध्येच कट झाला तर याच नंबरवर फोन करू ना?’

फ्लॅश, डायल टोन, 214.

‘मॅडम, वणीचे शेतकरी लाइनवर आहेत. सोमवारी घेतलेल्या सॅम्पलचा रिपोर्ट विचारताहेत, प्लॉटचा क्रमांक माझ्याकडे आहे. देऊ का?’

‘लॅबकडून अजून आलेला नाही, ताई. पाचनंतर मी स्वतः फोन करते म्हणून सांगा.’

पुन्हा फ्लॅश. ‘दादा, रिपोर्ट लॅबकडून यायचा आहे. मॅडम पाचनंतर तुम्हाला फोन करतील. तुमचा नंबर मी त्यांना देते.’

येथे कॉल जोडला गेलाच नाही, तरीही काम झाले. थेट पाठवला असता तर शेतकऱ्याने सगळी हकिगत पुन्हा सांगितली असती आणि शेवटी उत्तर तेच मिळाले असते. ‘मॅडम, तुमचा फोन आहे’ एवढेच सांगून जोडणे हेही विचारून जोडणे नव्हे. नाव आणि काम कॉलच्या आधी पोहोचले पाहिजे.

थेट ट्रान्सफर केव्हा करावा

सहकाऱ्याशी न बोलता, त्याचा फोन वाजू लागताच रिसीव्हर ठेवणे म्हणजे थेट ट्रान्सफर. पलीकडच्याने एक्स्टेंशन क्रमांक स्वतः सांगितला असेल, त्या विभागात तीन-चार फोन एकत्र वाजण्याची सोय असेल किंवा दुसऱ्या लाइनवर तातडीचा कॉल असेल, तेव्हाच तो करावा. रागावलेल्या, वयस्कर किंवा एकदा इकडून तिकडे फिरवल्या गेलेल्या माणसाला थेट कधीही पाठवू नये. ज्या एक्स्टेंशनवर पाठवतो तेथे कोणी नसेल तर कॉल ठरावीक वेळाने आपल्याकडे परत येतो की तसाच वाजत राहतो, हे आधी तपासलेले असावे. आपले सहकारी जेवायला जाताना फोन ऑपरेटरकडे वळवून जातात. अशा वेळी पाठवलेला कॉल फिरून आपल्याच टेबलावर वाजतो आणि ‘पुन्हा तुम्हीच?’ हे ऐकावे लागते.

आयपी फोनवरील फरक

आयपी फोनवर ट्रान्सफरचे बटण दाबून क्रमांक लावावा. विचारून जोडायचे असल्यास डायलचे बटण दाबून सहकाऱ्याशी बोलावे आणि नंतर ट्रान्सफर दुसऱ्यांदा दाबावे. क्रमांक लावल्यावर लगेच ट्रान्सफर दाबले तर तो कॉल थेट जातो. गोंधळ होतो तो शेवटच्या टप्प्यावर : काही फोनांत रिसीव्हर ठेवल्याने कॉल जोडला जातो, काहींत रिसीव्हर ठेवल्याने सहकाऱ्याशी चाललेले बोलणे तेवढे संपते आणि पहिला माणूस होल्डवरच राहतो. आपल्या फोनचा स्वभाव कळेपर्यंत बटण दाबूनच काम पूर्ण करावे.

बटणांशेजारचे दिवे सहकाऱ्याची लाइन मोकळी आहे की व्यग्र, हे दाखवतात. सहसा हिरवा म्हणजे मोकळी आणि लाल म्हणजे व्यग्र. जोडण्यापूर्वी दिव्याकडे नजर टाकली तर निम्म्या फेऱ्या वाचतात. ॲस्टरिस्क या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या फ्रीपीबीएक्स या टेलिफोन यंत्रणेत मूळ मांडणीप्रमाणे बोलता बोलता ## दाबून क्रमांक लावला की थेट, तर *2 दाबून लावला की विचारून ट्रान्सफर होतो. तंत्रज्ञाने हे कोड बदललेले असू शकतात.

पार्क आणि पिकअप

ज्याच्यासाठी फोन आला तो जागेवर नसून आवारात कुठेतरी असेल, तेव्हा पार्क कामाला येतो. कोल्ड स्टोरेजचा सुपरवायझर शून्य-एक अंशाच्या खोलीत हातमोजे घालून उभा असतो, त्याच्या टेबलावर फोन वाजवून काय उपयोग? कॉल पार्कच्या क्रमांकावर पाठवावा. वर सांगितलेल्या फ्रीपीबीएक्समध्ये तो मूळ मांडणीत 70 असतो आणि यंत्रणा 71 पासून पुढचा एखादा कप्पा क्रमांक बोलून दाखवते. तो ऐकल्याशिवाय फोन ठेवू नये. मग आवारातील स्पीकरवर ‘सुपरवायझर साहेब, 71 वर फोन आहे’ असे सांगितले की ते जवळच्या कोणत्याही फोनवरून 71 लावून कॉल घेतात. पार्कचीही मुदत असते. ती संपली की कॉल परत येतो आणि तो तेव्हा उचललाच पाहिजे.

पिकअप याच्या उलट. शेजारच्या रिकाम्या टेबलावर फोन वाजत असेल तर उठून न जाता कोड लावून तो आपल्याकडे घ्यावा, आणि उचलल्यावर आपण कोण बोलतो आहोत हे आधी सांगावे.

बाहेरच्या मोबाइलवर जोडून देणे

मालक शेतावर, विक्री अधिकारी मुंबईला, अशी स्थिती नेहमीची असल्याने ही मागणी वारंवार येते. पद्धत तीच, फक्त एक्स्टेंशनऐवजी बाहेरचा क्रमांक लावायचा. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना क्रमांकाआधी 0 लावणे आवश्यक झाले. बाहेरच्या लाइनचा अंकही 0 असेल, तर आधी लाइनसाठी 0, नंतर मोबाइलसाठी 0 आणि मग दहा आकडे असे एकूण बारा आकडे दाबावे लागतात. दुसरा शून्य राहून जातो आणि मोबाइल बंद आहे असा समज होतो. काही कार्यालयांत यंत्रणा हा शून्य आपणहून लावते, तेथे हाताने लावू नये.

2019 मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने न उचललेला फोन मोबाइलवर 30 सेकंद आणि लँडलाइनवर 60 सेकंद वाजावा, असे ठरवले. म्हणजे मोबाइलवर अर्ध्या मिनिटात घंटी संपते आणि त्यानंतर कंपनीची ध्वनिफीत सुरू होते. ती सुरू होण्याच्या बेतात असताना रिसीव्हर ठेवला, तर ग्राहक त्या ध्वनिफितीलाच जोडला जातो. म्हणून मोबाइलवर नेहमी विचारूनच जोडावे.

अशा कॉलमध्ये दोन बाहेरच्या लाइन अडकतात, हेही लक्षात ठेवावे. चारच लाइन असलेल्या कार्यालयात असे दोन कॉल झाले की पुढच्याला एंगेज टोन मिळतो. पीआरआय, म्हणजे अनेक कॉल एकत्र वाहणारी डिजिटल जोडणी, असेल तर 30 चॅनेल असल्याने ही अडचण कमी होते. साध्या लाइनवर आणखी एक त्रास असतो : दोन्ही बाजूंनी फोन ठेवला तरी ईपीएबीएक्सला ते कळले नाही, तर लाइन अडकून राहते. ऑपरेटरच्या फोनवर दिवा बराच वेळ पेटलेला दिसला की ती लाइन घेऊन ऐकावे, कोणी नसेल तर सोडवावी, आणि पुन्हा पुन्हा घडत असेल तर तंत्रज्ञाला बिझी टोन ओळखण्याची मांडणी तपासायला सांगावे. लांबच्या संभाषणासाठी निरोप घेऊन मोबाइलवरून उलट फोन करवणेच सोयीचे.

अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून बाहेरच्या क्रमांकावर कॉल कधीही जोडू नये; ‘मी टेलिफोन खात्यातून बोलतोय, लाइन तपासायची आहे, अमुक अंक दाबून फोन ठेवा’ असे सांगणाराही त्यात आला. बिल कार्यालयाच्या नावावर येते. तसेच लेखा विभागातील कोणाचा खासगी मोबाइल मागितला, तर क्रमांक न देता निरोप घ्यावा.

कॉल कट होत असेल तर

ट्रान्सफर करताना कॉल तुटण्याचे सर्वांत नेहमीचे कारण फ्लॅशऐवजी क्रेडल (रिसीव्हर ठेवण्याच्या जागेची खाली दबणारी कळ) दाबणे हे आहे. फ्लॅश म्हणजे लाइन सेकंदाच्या एका अंशापुरती तोडून पुन्हा जोडणे. क्रेडल बोटाने दाबले की तो कालावधी हातावर अवलंबून राहतो. जास्त वेळ दाबले तर यंत्रणेला फोन ठेवला असे वाटते. बटण वापरूनही तुटत असेल तर फोनचा आणि ईपीएबीएक्सचा फ्लॅश कालावधी जुळत नसावा. पुष्कळ फोनांत 100, 300 आणि 600 मिलिसेकंद असे पर्याय असतात, ते एकेक करून पाहावेत. फ्लॅश दाबल्यावर डायल टोन येतो पण आकडे लागत नाहीत, असे असेल तर फोनच्या बाजूचे किंवा खालचे छोटे बटण पल्सवर (डायल करण्याच्या जुन्या पद्धतीवर) सरकले असण्याची शक्यता असते. ते टोनवर आणावे. एकाच टेबलावर त्रास असेल तर फोन अदलाबदल करून पाहावा, म्हणजे दोष फोनचा की वायरचा हे तंत्रज्ञ येण्याआधीच कळते.

सराव

नव्या व्यक्तीला पहिल्याच दिवशी हंगामातील गर्दीसमोर बसवू नये. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर दोन मोबाइल आणि दोन सहकारी घेऊन सराव करावा. पहिल्या मोबाइलवरून कार्यालयात फोन करावा, होल्ड करावा, परत घ्यावा, विचारून जोडावा. मग सहकाऱ्याला मुद्दाम नकार द्यायला सांगावे आणि परत येऊन दाखवावे. एकदा फोन उचलूच नये, एकदा लाइन एंगेज ठेवावी. होल्डवर असताना काय ऐकू येते, हे शिकणाऱ्याने मोबाइल कानाला लावून स्वतः ऐकावे. शेवटी पहिला कॉल होल्डवर असताना दुसऱ्या मोबाइलवरून फोन करावा आणि दोघांपैकी कोणीही न तुटता दोन वेगळ्या टेबलांवर पोहोचतो का, ते पाहावे. एक्स्टेंशन बदलले, नवा माणूस आला किंवा ईपीएबीएक्सची दुरुस्ती झाली, की हीच फेरी पुन्हा करून भिंतीवरच्या यादीवर त्या दिवसाची तारीख घालावी.